मागणीचा खो

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट जागेपणी ऐकायची आहे. कीर्तनाला अजून अवकाश आहे, पेटीवाला चहाला गेलाय. तेवढ्यात मी तुम्हाला एक हकीगत सांगते. तिच्यात देव आहे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. एक बाई आहे, एक मुलगी आहे आणि कानामागे चिकटवायचा उडदाएवढा एक काळा ठिपका आहे. ऐकून घरी जाल तेव्हा आपल्याच पोराबाळांकडे जरा निराळ्या नजरेनं बघाल, एवढा शब्द देते.

फार जुनं नाही हे. माणदेशात हवेतून पाणी धरणारे मनोरे उभे राहिले, दप्तरांत पुस्तकांच्या जागी पडदे आले, त्यानंतरचं. खवसवाडीच्या हायस्कुलात सुवर्णा ननवरे नावाच्या खेळाच्या बाई होत्या. बावीस वर्षं त्यांनी मुलींचा खो-खो संघ बांधला. आवाज असा, की मैदानावर बाई कडाडल्या की ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करायची. चुकीच्या वेळी खो दिला म्हणून एका पोरीला त्यांनी भर उन्हात खांबाला वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक. ढाली मिळत, पण आठवीत संघात आलेली पोर दहावीपर्यंत टिकत नसे. काही ना काही कारण काढून बसायची घरी.

आणि मग, एका वर्षी, बाई निवळल्या.

ओरडणं गेलं, शिक्षा गेल्या. त्यांनी एक नवीनच पद्धत काढली. रोज साडेपाचला पोरी मैदानात सामन्यासारख्या बसायच्या. आठ जणी ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठीमागून यायची, कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "खो." जिला खो मिळाला ती उठायची. मग बाई विचारायच्या, "बोल, आज काय करायचंय तुला?" ती जे मागेल ते अर्धा तास. मग ती दुसरीला खो द्यायची, दुसरी आपलं मागणं मागायची. पोरी याला मागणीचा खो म्हणत. घरात, शाळेत, कुठंच आजवर कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. पोरी टिकल्या. नुसत्या टिकल्या नाहीत, पाचलाच येऊन बसायला लागल्या.

गाव म्हणालं, हा गुरुवारच्या कीर्तनाचा गुण. सिद्धनाथाच्या देवळात मासाळ बुवांचं कीर्तन बाई एकही गुरुवार चुकवत नसत. अगदी पुढे बसायच्या, हातात टाळ. बाईही तेच सांगायच्या. "नाथबाबानं माझी जीभ धरली," असं म्हणताना त्यांचे डोळे भरायचे. मी शेजारीच बसायचे म्हणून सांगते, ते पाणी खरं होतं.

ज्या जूनमध्ये बाई निवळल्या, त्याच जूनमध्ये तीट आली होती. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघाव्यात असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जिल्ह्याच्या एका योजनेतून पुण्याच्या कंपनीनं ते यंत्र पाठवलं होतं. कागदावर नाव 'अंकुर'. पण डाव्या कानामागे काळा ठिपका म्हटल्यावर पोरींनी त्याला तीट म्हणायला सुरुवात केली, आणि आयांनाही ते बरं वाटलं. दृष्ट तरी लागणार नाही. तीट कातडीवरून नाडी मोजायची, घाम मोजायची, कोण दमलंय ते बाईंच्या टॅबवर दाखवायची. बाईंनाही एक दिली होती, जरा मोठी. ती त्यांच्या कानात हळू बोलायची : तेजलला पाणी, गिरिजाला विश्रांती. दोन उन्हाळे एकही पोर चक्कर येऊन पडली नाही. याला कुणी नावं ठेवायची?

आता गिरिजाचं ऐका. गिरिजा लोखंडे, दहावीत, अंगणवाडीतल्या शोभाताईंची थोरली. पाय लांब, नजर तिखट. खो-खोत पळणाऱ्या गड्याला गाठायला खांबाला एका हातानं धरून अंग झोकून देतात, त्याला सूर मारणं म्हणतात. आठवीत असताना असाच सूर मारताना गिरिजाचा पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून ती खांबाला लांबून वळसा घालून पळायची. आणि आता तीच गिरिजा मागणीच्या खोला उठून रोज म्हणायची, "बाई, खांब." सात महिन्यांत तिच्यासारखा सूर तालुक्यात कुणाचा राहिला नाही.

पुण्याजवळच्या एका निवासी क्रीडा केंद्रानं तिला बोलावलं. गाव सोडून चार वर्षं तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, सकाळ-संध्याकाळ खेळायचं. फॉर्मच्या शेवटी प्रशिक्षकाच्या सहीची एक ओळ होती : 'हा निर्णय खेळाडूने स्वतःच्या इच्छेने घेतला आहे, याची मी खात्री केली आहे.' मुदत महिनाअखेरची.

"जायचंय ना तुला?" बाईंनी विचारलं.

"व्हय की."

"आईला सोडून? धाकट्याला सोडून?"

"व्हय." गिरिजा हसली. तुटका दात दिसला. "मला तेच पायजे, बाई."

बाई सही करणारच होत्या. पेन मिळत नव्हतं म्हणून राहिली. त्याच आठवड्यात वळवाच्या वाऱ्यानं डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर वाकला.

दुरुस्तीला तीन दिवस लागणार होते. टॅब मुका झाला, तिटा मुक्या झाल्या. बाईंना वाटलं, बरंच आहे, तीन दिवस जुन्या काळासारखे.

पहिल्या दिवशी तेजलला खो मिळाला. बाईंनी विचारलं, "बोल, काय करायचंय?"

तेजल पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. "तुम्हीच सांगा ना, बाई."

"मी कशाला सांगू? तुझी मागणी आहे."

"मग... काय बी चालंल."

गिरिजाला खो मिळाला. ती उठली आणि उभीच राहिली. बाई म्हणाल्या, "खांब?" गिरिजानं खांबाकडे बघितलं आणि जिभेनं आपला दात चाचपला. "आज नको."

दुसऱ्या दिवशी तेच. आठ पोरी ओळीत, आणि एकीलाही काही नको. तिसऱ्या दिवशी बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "दगडं मांडलीत का मी ओळीत?" त्या ओरडल्या. "गिरिजा, मठ्ठासारखी बघतेस काय माझ्या तोंडाकडं? ऊठ म्हटलं की उठायचं." पोरी चपापल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांत जास्त बाईच चपापल्या. उकाड्यानं झालं असेल म्हणून नळाखाली जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारून घेतलं.

चौथ्या दिवशी पोरी तशाच बसल्या होत्या. पावणेसहाला बाईंच्या खिशातला मोबाइल एकदम थरथरायला लागला. अडलेले संदेश एकामागून एक उतरत होते. म्हणजे टॉवर सुरू झाला. बाईंनी मान वर केली, तर गिरिजा ओळीतून उठलेली. खो कुणी दिला नव्हता.

"बाई, खांब," ती म्हणाली आणि हसली.

बाईंची छाती हलकी झाली. जीभ मऊ झाली. "ये बाळ" असे शब्द तोंडाशी आले. आणि त्या मऊपणाचीच बाईंना भीती वाटली. त्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या कानामागे चाचपून बघितलं.

कंपनीचा निहार नावाचा एक पोरगा महिन्यातून एकदा यंत्रं तपासायला यायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बोलायला अतिशय नम्र. पुढल्या मंगळवारी तो आला, तेव्हा बाईंनी त्याला खेळाच्या साहित्याच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि दाराला कडी घातली.

"चहा घे. आणि ही तीट काय काय करते ते सांग. सगळं."

"ते माहितीपत्रकात आहे, मॅम. पान एकोणीस."

"तू पान एकोणीस तोंडी सांग."

तो जे बोलला ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या मेंदूपासून निघून काळजाकडे, पोटाकडे जाणारी एक लांब नस असते. तिची एक बारीक फांदी कानाच्या कातडीत येते. तिथं मुंगीच्या पावलाएवढी वीज सोडली की माणसाला आतून बरं वाटतं, आणि कष्टाचं माप बदलतं. काल डोंगर वाटलेलं काम आज नुसता चढ वाटतो. डॉक्टर मंडळी हे उदासीच्या रोग्यांसाठी वापरत. कंपनीनं त्यात वेळ साधली. आपण काही बोलायच्या आधी क्षणभर गळ्याचे बारीक स्नायू त्या शब्दाची तयारी करतात. तीट ती तयारी ओळखते. पोर 'खांब' म्हणायच्या बेतात आली, आणि कंपनीकडून आलेल्या त्या दिवसाच्या आराखड्यातही खांबच असला, की तीट ती मुंगी सोडते. पोर दुसरं काही म्हणायच्या बेतात असली, तर तीट काहीच करत नाही. शिक्षा नाही, दुखणं नाही. नुसतं एका बाजूला जरा जास्त बरं वाटतं. तीन आठवड्यांत मन त्या बाजूला उतरतं. आणि पोरीला कुणी ढकलल्याचं कळत नाही, कारण ढकलणारा हात तिच्याच आनंदाचा असतो. टॉवर बंद पडला की आराखडा येत नाही, आराखडा नाही तर मुंगी नाही. मग त्या सवयीचं मन कशालाच तयार होत नाही.

"म्हणजे दोन वर्षं पोरी मागतच नव्हत्या," बाई म्हणाल्या.

"मागत होत्या, मॅम. आम्ही फक्त आधार देत होतो. खेळाडूला आपण स्वतः निवडलं असं वाटलं की तो टिकतो. हुकूम सोडले की कंटाळतो. यावर खूप संशोधन आहे."

"वाटलं की टिकतो."

"हो."

"निवडलं की, असं नाही."

निहार कपातल्या सायीकडे बघत राहिला. "तो फरक मोजता येत नाही, मॅम."

बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. बाईंनी तो आवाज थांबेपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "आणि माझी? माझी तर नुसती आकडे वाचते ना?"

त्यानं दाराकडे बघितलं.

"निहार, कडी मी घातलीय. मी काढल्याशिवाय निघणार नाही."

"मुलांवर कुणी ओरडलं की भीतीनं शरीरात फार खळबळ होते, मॅम. आमचा संदेश त्यात बुडून जातो. म्हणून आधी कुणीतरी शांतपणे विचारावं लागतं. प्रश्न विचारल्याशिवाय ही प्रणाली चालतच नाही."

"म्हणून?"

"तुम्ही ओरडायच्या बेतात असलात की ती गप्प राहायची. तुम्ही विचारलंत की..." त्यानं बोटानं आपल्याच कानामागे दाखवलं. आणि मग, बाईंना बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, "तुमचा निकाल राज्यात सगळ्यात चांगला आहे, मॅम. प्रशिक्षणात आम्ही तुमचंच उदाहरण देतो."

बाईंनी कानामागची तीट नखानं उचकटली आणि त्याच्या बशीत ठेवली. कडी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासाळ बुवा देवळाच्या ओट्यावर चिंचेनं टाळ घासत बसले होते. बाई समोर जाऊन बसल्या.

"बुवा, दोन वर्षं मी तुमच्या कीर्तनानं शांत झाले म्हणून गावभर सांगत फिरले."

"मीही सांगत फिरलो. त्याच्यावर चार गावची आमंत्रणं आली."

बाईंनी सगळं सांगितलं. गिरिजाचं, मुंगीचं, बशीतल्या तिटेचं.

"मग नाथबाबानं माझ्यासाठी काय केलं?" बाईंनी शेवटी विचारलं.

"मला काय माहीत. मी काही त्याच्या कचेरीत कामाला नाही."

"थट्टा नको, बुवा. तुम्ही तरी निराळं काय करता? कुठं हसवायचं, कुठं रडवायचं, तुम्हाला आधीच ठाऊक असतं. तुम्ही झांज थांबवता आणि आमचे डोळे भरतात. तुमच्यात नि त्या तिटेत फरक काय?"

बुवा रागावले नाहीत. टाळाची एक वाटी त्यांनी उन्हात धरून बघितली, परत घासली.

"फार नाही," ते म्हणाले. "पण सुवर्णा, माझ्या कीर्तनातून लोक उठून जातात. दर गुरुवारी जातात. कुणाची म्हैस सुटते, कुणाला मालिका बघायची असते, कुणाला नुसताच कंटाळा येतो. मागच्या महिन्यात पाटलांचा जावई आख्यान ऐन युद्धात आलं असताना उठला, जाताना माझ्याच पायावर पाय देऊन गेला. मला वाईट वाटतं. पण जातात. तुझ्या ओळीतून दोन वर्षांत कुणी उठून गेलं?"

बाईंनी आठवून बघितलं. एक नाव आठवेना.

"मग तुझ्या जागी मला तर भीतीच वाटली असती," बुवा म्हणाले.

त्या संध्याकाळी बाई मैदानात मातीतच बसल्या आणि पोरींना सगळं सांगितलं. पोरी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. कुणी कानामागे हात नेला, कुणी शेजारणीच्या कानामागे बघितलं. बाईंनी स्टीलचा डबा पुढे केला.

"काढा सगळ्या."

पोरींनी तिटा काढल्या आणि डब्यात टाकल्या. मग बाई म्हणाल्या, "बसा ओळीत. आज जे खरं वाटतं ते मागायचं. काहीही."

पहिला खो गिरिजाला मिळाला. ती उठली. बाईंनी विचारलं, "बोल, काय करायचंय तुला?"

गिरिजानं खांबाकडे बघितलं, मग फाटकाकडे. पलीकडच्या पोरी माना वळवून बघायला लागल्या.

"घरी जायचंय," ती म्हणाली.

बाईंच्या गळ्यात बावीस वर्षांचा आवाज चढला. कानामागे आता मऊ करणारं काही नव्हतं. जिल्ह्याचे सामने तोंडावर, फॉर्मची मुदत बारा दिवसांवर, आणि हिला घरी जायचंय. बाईंनी शिट्टी दातांत धरली आणि चावली. गिरिजानं दप्तर उचललं आणि फाटकातून निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. कधी पाच पोरी यायच्या, कधी चार. जे मागायच्या ते असं : "सावलीत बसू," "गाणी म्हणू," एकदा तर "चिंचा पाडू." बाई दोनदा ओरडल्या, एकदा माफी मागितली. जिल्ह्याच्या सामन्यात संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. गिरिजा नऊ दिवस फिरकली नाही. शोभाताई मात्र शाळेत आल्या, अंगणवाडीची साडी तशीच.

"पोर गादीवर पडून असते, बाई. भाकरी मोडून ठेवते, खात न्हाई. सकाळी पाचला उठणारी पोर माझी. काय काढून घेतलंत तिचं?"

शोभाताई गेल्यावर बाईंनी निहारला फोन लावला. ही उदासी किती दिवस राहते, विचारलं.

"माहीत नाही, मॅम," तो म्हणाला. "आजवर कुणी काढलीच नाही."

दहाव्या दिवशी पोरी पळत असताना गिरिजा फाटकातून आत आली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. ती थेट बाईंसमोर उभी राहिली.

"फॉर्म कुठाय?"

"कपाटात आहे. सही नाही केली."

"का?"

"तुझी इच्छा आहे की नाही, मला कळत नाही."

"तुम्हाला कशाला कळायला पायजे? इच्छा माझी हाय."

"तुझी आहे?"

"काय माहीत," ती म्हणाली. "पण मला बरं वाटत होतं ना. सकाळी पाय आपोआप हिकडं यायचे. आता डोळे उघडले तरी कशाला उघडले असं होतं. आणि तुम्ही बाई, तीट लावताना आम्हाला विचारलं न्हाई. काढतानाबी विचारलं न्हाई. काढा म्हणालात, आम्ही काढली. रोज विचारायच्या तुम्ही आम्हाला, आज काय करायचंय, आज काय करायचंय. जे विचारायचं ते दोन्ही येळंला विचारलं न्हाई."

बाई खाली बसल्या, फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघेवरच. साडीला फक्की लागली ती त्यांनी झटकली नाही. "खरंय," एवढंच म्हणाल्या.

मग त्या उठल्या, साहित्याच्या खोलीत गेल्या, डबा घेऊन आल्या. त्यातली एक तीट पुसून त्यांनी गिरिजाच्या तळहातावर ठेवली. आपण हे हिच्यासाठी करतोय की पोर परत यावी म्हणून स्वतःसाठी, असा संशय त्यांना तेव्हाही आला. नंतर मला सांगताना त्या तो लपवत नाहीत. पण त्यांनी ठेवली.

"ही कशी चालते ते तुला सांगितलंय. उद्या लावलीस तर परवा तुला परत बरं वाटेल, हे नक्की. काय हवंसं वाटेल ते पुण्याचा माणूस ठरवेल, हेही नक्की. लावली नाहीस तर पुढं काय, ते मला माहीत नाही. त्या कंपनीलाही नाही. लावायची तर लाव. मी अडवणार नाही. फॉर्मवर मात्र मी लिहीन, की मला खात्री करता आली नाही."

"मग ते घेणार न्हाईत मला."

"बहुतेक नाही."

गिरिजा तळहातावरच्या ठिपक्याकडे बघत राहिली. मैदानावर तेजल आणि तिघी जणी खांबाभोवती पळत होत्या. तेजलचा पाय रेघेवर घसरला, ती बसली, उठली, परत पळाली.

"तेजल कशी पळतीया," गिरिजा म्हणाली.

"गाभण म्हशीसारखी," बाई म्हणाल्या.

गिरिजाला हसू आलं. लगेच गेलंही. तिनं तीट परत डब्यात टाकली.

"आत्ता नको. ठेवा तुमच्याकडं. आधी अशीच पळून बघते." मग जरा थांबून, "कंटाळा आला तर?"

"तर थांब."

"तुम्ही ओरडाल."

बाईंनी खोटं बोलायचं टाळलं. "ओरडेन. आता मला धरणारं कुणी नाही. पण मी ओरडले तरी तू थांब."

गिरिजानं ओढणी कमरेला खोचली आणि पळायला लागली. दहा दिवसांत अंग जड झालेलं, दम लागत होता. दोनदा खांबापर्यंत गेली, दोनदा लांबून वळली. तिसऱ्यांदा पळता पळता खांबाला हात लावला, धरला नाही. पंधरा मिनिटं झाली असतील, ती मध्येच थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला.

"कंटाळा आला," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

"अगं, अर्धी पाळी तरी पुरी कर." बाईंचा आवाज चढला. "पोरी नुसत्या उभ्या आहेत तुझ्यासाठी. गिरिजा. मी काय म्हणतेय?"

गिरिजानं चपला घातल्या. "उद्या बघू, बाई," असं म्हणून ती चालायला लागली. बाई आणखी दोन वाक्यं ओरडल्या. गिरिजाची चाल जलद झाली नाही, मंदही झाली नाही. फाटकातून ती बाहेर पडली आणि बाभळीच्या वळणावर दिसेनाशी झाली. बाईंचा गळा अजून तापलेला होता, आणि आपल्या तोंडावर हसू आहे हे त्यांना तेजलच्या चेहऱ्यावरून कळलं.

ती उद्या आली नाही. परवा आली. मग आठवडाभर नाही. फॉर्मची मुदत टळली, केंद्रानं दुसऱ्या गावची एक पोर घेतली. ती पोर खूप आनंदात असते म्हणतात. गिरिजा आता अकरावीत आहे. कधी खेळते, कधी येऊन नुसती मैदानाच्या कडेला बसते, कधी महिनाभर येत नाही. तिला खो-खो हवाय की नको, बाईंना माहीत नाही. गिरिजालाही अजून पुरतं माहीत नाही. कंपनीनं मात्र अभ्यासाची तीट काढलीय. तालुक्याच्या स्टँडवर मोठा फलक लागलाय, त्यावर सहा मुलं हसताहेत.

तर मंडळी, एवढंच मागणं. तुमच्या घरात एखादं पोर तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत गोड 'हो' म्हणायला लागलं, तर लगेच देवापुढे साखर ठेवू नका. त्याला 'नको' म्हणता येतं का, आणि म्हणाल्यावर तुम्हाला ते सोसतं का, हे एकदा बघा. आणि बघताना घशाशी राग आला, तर आमच्या सुवर्णा ननवरे बाईंची आठवण ठेवा. त्या अजून ओरडतात. आणि रोज साडेपाचला, चार पोरी असोत की दोन, अजून विचारतात.